महागडी चप्पल संपली? तिचे आजोळ शोधा

परदेशी फॅशनघराण्याचा जोड हाती लागला नाही म्हणून हिरमुसून बसण्याचे कारण नाही. तो ज्या चपलेवरून बेतला, ती चप्पल बहुधा आजही बनते, कितीतरी कमी पैशांत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. हवी फक्त पारखी नजर.

नणंदेच्या लग्नाला तीन आठवडे उरले आहेत. साडी झाली, ब्लाउज शिवून आला, बांगड्याही जमल्या. अडले आहे ते पायांपाशी. चित्रात पाहिलेल्या एका सँडलवर मन जडले आहे. पण दुकानात विचारावे तर ‘संपली’ आणि इंटरनेटवर पाहावे तर नेमक्या आपल्याच मापावर फुली. मग एखादी मैत्रीण सुचवते, “अगं, हुबेहूब तशीच मिळते, वर त्याच नावाचा शिक्का. कुणाला कळणार आहे?” घाईघाईत पैसे मोजले जातात. आणि लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरायच्या आतच पट्टा उखडतो. वहिनी म्हणून मिरवायचे सोडून बाई पाय साडीत लपवून खुर्चीत बसून राहते.

पैसे गेले, हौस फिटली नाही आणि चारचौघांत ओशाळल्यासारखे झाले ते वेगळेच. हे टाळता येते. त्यासाठी आधी हे जोड इतक्या लवकर संपतात कसे, ते समजून घ्यायला हवे.

संपण्यामागचे गणित

मोठी फॅशनघराणी आपले जोड मोजकेच बनवतात. वस्तू कमी असली की तिचा तोरा वाढतो, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. शिवाय येत्या हंगामाचे नमुने कित्येक महिने आधी मांडले जातात. चित्रे जगभर फिरतात, मागणी वाढते आणि प्रत्यक्षात माल येतो तेव्हा तो थोडक्यांच्याच वाट्याला जातो. ‘फक्त दोनच जोड शिल्लक’ या पाटीने तर भल्याभल्यांचा विवेक डळमळतो. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला नाव हवे आहे की चप्पल? नावच हवे असेल तर वाट पाहण्यावाचून उपाय नाही. पण चपलेचा घाट आवडला असेल, तर तो घाट आला कुठून याचा शोध घ्यावा.

मिलानमध्ये कोल्हापुरी

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घरचेच आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या प्रसिद्ध फॅशनघराण्याने पुरुषांसाठी २०२६ च्या उन्हाळी हंगामाचे कपडे सादर केले. त्यात काहींच्या पायांत अंगठ्याची, सपाट तळाची चामडी सँडल होती. पाहताक्षणी कोणीही मराठी माणूस म्हणेल, ही तर कोल्हापुरी! पण सादर करताना कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. भारतात नाराजी उसळली आणि ही रचना भारतीय हस्तकलेवरून स्फुरल्याचे कंपनीने मान्य केले. पुढे तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला. त्यानुसार भारतात सुमारे २००० जोड बनवण्याचे ठरले. एका जोडाची किंमत जाहीर झाली सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्याही पुढे.

साऱ्या जगासाठी अवघे २००० जोड! ते कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे सांगायला नको. पण ज्या चपलेवरून ते बेतले, ती काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत आपल्याकडे मिळते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकनही आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनणाऱ्या चपलेलाच हे नाव अधिकृतपणे लावता येते.

तिचे वेगळेपण तिच्या घडणीत आहे. कातडे बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावले जाते. तळ व पट्टे खिळ्यांनी ठोकलेले नसतात, चामड्याच्या वादीने किंवा दोऱ्याने हाताने शिवलेले असतात. दोन्ही बाजूंचे कान, मधला पट्टा, अंगठा, वरची नाजूक वेणी हे सारे हातचे काम. वेण्या घालण्याचे व शिवणकामाचे काम अनेक कारागीर घरांत स्त्रियाच करतात. जरीची वेणी असलेली कोल्हापुरी पैठणीवर किंवा इरकलीवर जितकी शोभते, तितकी कोणतीही परदेशी सँडल शोभणार नाही.

इतर जोडांची आजोळे

कोल्हापुरीसारखेच इतर कितीतरी जोडांचे. उन्हाळ्यात परदेशी मासिकांतून दिसणारे दोरीच्या तळाचे ‘एस्पाद्रिय’ हे मुळात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील पिरेनीज भागातले साधे, कष्टकऱ्यांचे पादत्राण. १९७० च्या दशकाच्या आरंभी इव्ह सॅं लॉराँ या फ्रेंच फॅशनकाराने कास्तान्येर या स्पॅनिश कारखान्याकडून त्यांना उंच टाच लावून घेतली आणि ते उच्चभ्रू झाले. ज्यूटच्या तळाची पादत्राणे भारतातही बनतात, तेव्हा त्यांसाठी परदेशी शिक्क्याची गरज नाही.

‘बॅलेरिना’ म्हणजे सपाट, मऊ, पुढून गोलसर बूट हे बॅले नर्तकींच्या बुटांवरून आले. पॅरिसच्या रोझ रेपेतो नर्तकांसाठी बूट बनवत. १९५६ मध्ये अभिनेत्री ब्रिजित बार्दो हिने त्यांच्याकडून रस्त्यावर वापरता येईल असा जोड करून घेतला. हा घाट इतका साधा आहे की चांगला कारागीर तो सहज बनवून देतो. टोकदार, भरतकाम केलेल्या सपाट बुटांची हौस असेल, तर पंजाबची जुत्ती आणि राजस्थानची मोजडी आहेच. पारंपरिक जुत्तीत डावा-उजवा असा भेद नसतो, वापरून वापरून ती ज्या त्या पायाचा आकार घेते. म्हणून सुरुवातीपासून एक जोड त्याच त्याच पायात घालावा.

पर्याय वेगळा, नक्कल वेगळी

अंगठ्याची सपाट चप्पल घालणे हा कुणा एका कंपनीचा मक्ता नाही. पण दुसऱ्याचे नाव वा चिन्ह छापून माल विकणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. ग्राहकाच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचा व्यवहार. अशा मालाला ना पावती, ना बदलून मिळण्याची हमी. बहुतेक पैसा शिक्क्यावर गेलेला असतो, तळावर आणि शिलाईवर नाही. त्याच पैशांत बिनशिक्क्याची पण सच्ची वस्तू येते.

घेताना हे पाहा

* पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, तेव्हा खरे माप कळते. दोन्ही पायांत घालून चार पावले चालून पाहावे.
* पट्ट्याची आतली बाजू पाहावी. अस्सल चामड्याला मागून तंतू दिसतात, रेक्झिनला मागे कापड असते.
* तळाची कड निरखावी. शिलाई सलग आणि घट्ट हवी. नुसत्या डिंकावर चिकटवलेला तळ पहिल्या पावसात सुटतो.
* कोल्हापुरीवर मानांकनाची खूण किंवा क्यूआर कोड आहे का, हे विचारावे. ‘कोल्हापुरी’ म्हणून प्लास्टिकच्या चपलाही सर्रास विकल्या जातात.
* परदेशी मापाला फसू नये. आपल्याकडे बहुधा ब्रिटिश माप चालते. युरोपी ३८ म्हणजे साधारण आपले ५.
* करून घ्यायची असेल तर दोन्ही पायांचे ठसे कागदावर काढून द्यावेत आणि कारागिराला निदान तीन-चार आठवडे द्यावेत. ऐन लग्नसराईत घाई केली की काम बिघडते.

घासाघीस करतानाही जरा भान असावे. परदेशी जोडाला छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण हाताने शिवलेल्या चपलेसाठी पन्नास रुपयांवर अडून बसतो. कारागिराच्या मुलाला या धंद्यात राहावेसे वाटले, तरच ही चप्पल आपल्या नातींना मिळेल.

नव्या चपलेशी मैत्री

नवी कोल्हापुरी पायाला लागते, ही तक्रार जुनीच. तिला आतून खोबरेल किंवा मोहरीच्या तेलाचा हलका हात द्यावा, रात्रभर मुरू द्यावे आणि आठवडाभर रोज तासभर घरात घालून वावरावे. म्हणूनच ती समारंभाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. पाण्यापासून जपावी. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी.

इतके जपले तर साधी चप्पलही तीन-चार लग्नसराया पाहते. परदेशी दुकानातला ‘संपली’ हा शब्द ऐकून मन खट्टू होणे साहजिक आहे. पण नणंदेच्या लग्नात आपण दिवसभर हसतमुखाने वावरलो की नाही, हेच पाहुण्यांच्या लक्षात राहते. चपलेच्या तळावरचे नाव कुणी वाकून वाचत नाही.