चिन्हांची लिपी

२०२१ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जारी केली तेव्हा, फाइलवर माउसची उजवी कळ दाबताच उघडणाऱ्या यादीतून ‘कट’, ‘कॉपी’, ‘पेस्ट’ ही वर्षानुवर्षे नजरेत बसलेली नावे अंतर्धान पावून त्यांच्या जागी बारीक रेघांची इवलीशी चिन्हे दाखल झाली. कात्री कोणीही ओळखील. परंतु एकावर एक सरकलेले दोन कागद म्हणजे नक्कल आणि पाटीवरचा कागद म्हणजे चिकटवणे, हा भेद करताना चाळिशी लावलेल्या कारकुनाची त्रेधा उडावी यात नवल ते काय! त्यातून ही ओळ कधी यादीच्या माथ्यावर, तर कधी तळाशी. म्हणजे हाताची सवयही निरुपयोगीच. अखेर २०२४ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने चिन्हांखाली नावे पुन्हा बहाल केली.