आग्र्याचा रामसिंग पुढे कुठे गेला?

आग्र्याहून सुटकेचा धडा तुम्हाला तोंडपाठ असणार. मिठाईचे पेटारे, फुलादखानाचा पहारा आणि मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग. शिवाजी महाराजांची जबाबदारी आग्र्यात याच रामसिंगावर होती. १६६६ मध्ये महाराज निसटले आणि रामसिंगावर बादशहाची खप्पामर्जी झाली. पुढे त्याचं काय झालं? आपल्या डोक्यातली गोष्ट तिथेच थांबते.

पण रामसिंगाची गोष्ट थांबली नाही. औरंगजेबाने त्याला थेट आसामच्या मोहिमेवर धाडलं. १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटला, ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, लाचित बरफुकन या सेनापतीने त्याच्या फौजेला पाणी पाजलं. लाचितचं नाव पुण्यातही रोज घेतलं जातं, आपल्याला पत्ता नसतो इतकंच. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये सर्वोत्कृष्ट कॅडेटला मिळणारं सुवर्णपदक त्याच्याच नावाचं आहे.

लाचित ज्या राज्यासाठी लढला ते आहोमांचं राज्य. १२२८ ते १८२६, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं टिकलेलं! ते डोळ्यांनी बघायचं असेल तर गुवाहाटीला थांबून चालणार नाही. वरच्या आसामात शिवसागरला जा. अठराव्या शतकात रंगपूर नावाची आहोमांची राजधानी इथे होती.

उलटी होडी आणि भुयाराची गोष्ट

सुरुवात रंगघरापासून करा. शहरापासून तीन-चार किलोमीटरवर, हायवेला लागूनच ही दुमजली वास्तू आहे. छप्पर बघितल्या बघितल्या कळतं, ही पालथी घातलेली होडी आहे. नदीवर जगणाऱ्या आणि नदीवरच लढणाऱ्या लोकांना दुसरा कुठला आकार सुचणार? स्वर्गदेव प्रमत्त सिंहाच्या काळात (१७४४ ते १७५१) ती विटांत बांधली गेली. 'स्वर्गदेव' ही आहोम राजांची पदवी. वरच्या मजल्यावर राजा बसायचा आणि समोरच्या मैदानात बिहूच्या दिवसांत रेड्यांच्या, हत्तींच्या झुंजी रंगायच्या. थोडक्यात, राजाचं स्टेडियम.

जवळच तलातल घर. जमिनीवर मजले आणि जमिनीखालीही मजले असलेला हा राजवाडा. इथून दोन भुयारं निघायची, एक दिखौ नदीकडे आणि दुसरं गडगावच्या राजवाड्याकडे, असं सांगतात. आपल्याकडेही प्रत्येक किल्ल्यावरून एक भुयार कुठेतरी जातंच, तेव्हा ही गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐका. खालचे मजले पर्यटकांसाठी बंद आहेत. विटा मात्र नीट बघा. चुन्यात चिकट बोरा तांदूळ आणि अंडी कालवून इथला गिलावा करत.

राण्यांचं शहर

शहराच्या मधोमध मोठा तलाव आहे आणि काठावर तीन देवळं. 'दौल' म्हणजे देऊळ. सगळ्यांत उंच शिवदौल, शेजारी विष्णुदौल आणि देवीदौल. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. हा तलाव आणि ही देवळं १७३४ च्या सुमाराची, बांधून घेणारी राणी अंबिका. तिच्या आधीची राणी फुलेश्वरी. राजा शिव सिंहाने तिला 'बर राजा', म्हणजे मोठा राजा, अशी पदवी देऊन कारभार तिच्या हाती सोपवला होता. तिच्या नावाची नाणीही निघाली.

जयसागर तलावामागची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. राजगादीच्या भांडणात गदापाणी नावाचा राजपुत्र लपून बसला होता. तो कुठे आहे हे सांगावं म्हणून त्याची बायको जयमती हिचे हाल हाल केले. ती बोलली नाही. त्यातच ती गेली. गदापाणी पुढे राजा झाला आणि त्यांचा मुलगा रुद्र सिंह याने आईच्या आठवणीत हा अवाढव्य तलाव खोदला. १९३५ मध्ये ज्योतिप्रसाद अगरवाला यांनी पहिला असमिया चित्रपट काढला, तोही 'जयमती'च.

आधी राजे, मग नकाशा

वेळ काढून चराईदेवला जाच. शिवसागरपासून साधारण तीस किलोमीटर. पटकाई डोंगर ओलांडून आलेल्या सुकाफाने पहिली राजधानी इथे वसवली. गवताने झाकलेल्या गोल टेकड्या दिसतात ना, त्यांना मैदाम म्हणतात. आहोम राजघराण्यातल्या माणसांना इथे पुरलेलं आहे. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता प्रश्न असा, की हे सगळं आपल्याला माहीत का नाही? लिहिलेलं नाही म्हणून? तसंही नाही. आपल्याकडे बखरी, तशा आहोमांच्या 'बुरंज्या'. राजवटीच्या हकिकती त्यांनी शतकानुशतकं लिहून ठेवल्या. आपण त्या उघडल्या नाहीत एवढंच. मग पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आसामहून आलेल्या मुलीला 'तू कुठल्या देशाची?' असं विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याने शिवाजी महाराजांना डोळ्यांसमोर निसटताना पाहिलं आणि पाच वर्षांनी हिच्या गावाकडे मार खाल्ला, तो रामसिंग आपल्या दोघांच्या इतिहासात आहे. गप्पा सुरू करायला एवढा धागा पुरे.

जायचंय?

रेल्वेने गेलात तर सिमालुगुडी जंक्शनला उतरा, विमानाने गेलात तर जोरहाटला. गुवाहाटीहून बसचा प्रवास साधारण ३६० किलोमीटरचा. नोव्हेंबर ते मार्च हवा चांगली असते. बिहू बघायचा असेल तर एप्रिलचा मध्य गाठा. शिवसागर, जयसागर आणि रंगपूरच्या वास्तूंना एक दिवस, गडगाव आणि चराईदेवला दुसरा. जेवताना मासळीचा आंबट 'टेंगा' मागवा. आणि हो, तलातल घराच्या भिंतीवर बदाम काढून दोन नावं कोरायचा मोह झाला, तर हात खिशातच ठेवा. रायगडावर कुणी केलं तर आपल्याला चालेल का?