स्ट्रेस टेस्ट: आकडे येतात कुठून?

बँकिंगवर संशोधन करायचंय? मग रिझर्व्ह बँकेचा वर्षातून दोनदा येणारा वित्तीय स्थैर्य अहवाल वाचाच. थकीत कर्ज अचानक वाढलं तर बँकेचं भांडवल पुरेल का, हे त्यात तपासतात. समजा, अकोला-अमरावतीत कापूस अन् सोयाबीन एकाच हंगामात बुडाले, तसा धक्का. पण हे गणित चालतं बँकांनीच भरलेल्या विवरणपत्रांवर! मुंबईच्या पीएमसी बँकेत एचडीआयएलची कर्जं २१,०४९ बनावट खात्यांआड लपवलेली होती. अशा आकड्यांना कितीही धक्के द्या, निकाल कागदावर ठीकच दिसणार. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. डिसेंबरात ५०० कोटी व त्यावर मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांना ५ कोटींपासूनच्या कर्जदारांची माहिती रिझर्व्ह बँकेला कळवणं बंधनकारक झालं. तुमचा डेटा त्याआधीचा की नंतरचा, बघून घ्या.