धावत्याला धरणारं पाणी

जालना जिल्ह्यात आभाळातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, आणि तो पडताना कुणी हौसेने अंगणात येत नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या रविवारी झालेल्या गारपिटीने इथला हरभरा, गहू आणि मोसंबीच्या बागा झोडपून काढल्या. अशा गारपिटीचं मूळ पुष्कळदा फार दूर असतं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येतात आणि काश्मीरवर हिमवर्षाव करतात. एखाद्या वेळी त्यांचा प्रभाव बराच दक्षिणेला उतरतो. वर त्यांची थंड हवा, खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, अशी गाठ मराठवाड्यावर पडली की ढगांत गारा धरतात. म्हणजे गुलमर्गच्या स्की-प्रशिक्षकाला काम देणारे वारे आणि इथल्या बागायतदाराची झोप उडवणारे वारे एकाच कुळातले! हे समजल्यापासून स्कीइंग मला परका खेळ वाटेनासा झाला.

जगात अशी माणसं आहेत की ज्यांचं वर्ष पाण्याच्या दोन रूपांत वाटलेलं असतं. डिसेंबर ते मार्च-एप्रिल ती बर्फाच्या उतारावर नवशिक्यांना स्की शिकवतात आणि उन्हाळ्यात तलावावर वेकबोर्डच्या स्पर्धा खेळतात. मोटारबोटीच्या मागे दोर बांधायचा, दोराची मूठ हातात धरायची, पाय एका रुंद फळीत अडकवायचे आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरून हवेत झेपावून गिरक्या घ्यायच्या, हा वेकबोर्डचा खेळ. पाण्यावर माणूस उभा राहतो म्हणजे नक्की काय होतं, हे या दोन खेळांइतकं स्पष्ट दुसरं काहीच दाखवत नाही.

आधी बर्फ. तो घसरडा का असतो, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. शास्त्रज्ञ पावणेदोनशे वर्षं त्याच्यामागे आहेत. अनेकांच्या कानावर असलेलं उत्तर असं की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, हे जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये मांडलं आणि ते खरंच आहे. पण किती खाली येतो? वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढवला तर एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. त्यातही ७० किलोचा माणूस दोन लांब स्कींवर उभा राहिला तर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या विसाव्या हिश्शाइतकाही भरत नाही. उणे दहा अंशांवरचा बर्फ एवढ्याशाने वितळणं शक्य नाही.

१८५० मध्ये मायकल फॅरडे यांनी वेगळी दिशा दाखवली. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. आतल्या रेणूंना चहूबाजूंनी शेजारी असतात. सर्वांत वरच्या रेणूंची एक बाजू मोकळी असते, त्यामुळे ते सैल राहतात. पुढे १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या उंचीवर प्रयोग करून दाखवलं की स्की सरकताना घर्षणाची उष्णता निर्माण होते आणि तीच खाली पाण्याचा पापुद्रा तयार करते. उष्णता चटकन वाहून नेणारा धातू तळाला असला तर तो पापुद्रा नीट बनत नाही आणि स्की अडखळते. म्हणजे स्की करणारा माणूस आपल्या गतीनेच आपल्यापुरती ओली वाट बनवत जातो आणि तो पुढे गेला की ती वाट मागे गोठून जाते. फारच कडाक्याची थंडी पडली की हा थर धरत नाही. अंटार्क्टिकावर गेलेल्या सुरुवातीच्या मोहिमांतल्या माणसांना आपल्या घसरगाड्या वाळूतून ओढल्यासारख्या जड वाटल्या होत्या, त्याचं कारण हेच.

आता वळण. स्की वरून पाहिली तर मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कडेवर कलवून तिच्यावर भार दिला की मधला भाग खाली दबतो, स्की कमानीसारखी वाकते आणि त्या कमानीच्या मार्गानेच माणसाला वळवून नेते. पाय मुरगाळून दिशा बदलावी लागत नाही; कल द्यायचा आणि भार टाकायचा, एवढंच. नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या सोंद्रे नोरहाइम यांच्यासारख्या खेड्यातल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात लाकूड तासून हा आकार शोधला. त्या हातांना भूमिती शिकवायला कुणी आलं नव्हतं, याचं मला आजही नवल वाटतं.

प्रशिक्षकाच्या कामाचा गाभा मात्र भीतीत आहे. उतारावर उभं राहिलं की शरीर आपोआप मागे, डोंगराकडे झुकतं. तसं झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो, कड बर्फात रुतत नाही, वळण हातून जातं आणि वेग वाढत राहतो. ज्या हालचालीने आपण वाचू असं वाटतं, तीच आपल्याला पाडते. म्हणून नवशिक्याला आधी स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून सावकाश उतरायला शिकवतात आणि मग हळूहळू छाती दरीकडे न्यायला लावतात. अशा रीतीने पायरीपायरीने गटागटांना शिकवण्याची पद्धत ऑस्ट्रियातल्या हानेस श्नायडर यांनी रुजवली. त्यांची सांक्ट अँटोनची स्की-शाळा १९२१ ची. हंगामी स्की-प्रशिक्षक हा पेशा तिथून जगभर गेला. त्या पेशाला अन्यायही सोसावा लागला. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतारावरच्या स्कीइंगला पहिल्यांदा जागा मिळाली, आणि स्की शिकवून पैसे घेणारे व्यावसायिक ठरतात म्हणून प्रशिक्षकांनाच त्यातून वगळलं गेलं. शिकवणं हा खेळाडूचा दोष धरला गेला, हे वाचून आजही वाईट वाटतं.

ज्या माणसाच्या खटपटीने ही स्पर्धा ऑलिंपिकपर्यंत पोहोचली, ते आर्नल्ड लन जन्मले होते १८८८ मध्ये आपल्या मद्रासला. काठ्यांच्या फाटकांमधून नागमोडी उतरायची आधुनिक स्लालम शर्यत त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन इथे मांडली ती जानेवारी १९२२ मध्ये. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाचा १८ वर्षांचा मुलगा बोटीच्या मागे दोर धरून पाण्यावर उभा राहिला. त्याने आधी पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, मग चक्क बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि मागे रेलून टोकं पाण्याबाहेर ठेवली, तेव्हा पाण्याने त्याला उचललं. एकाच वर्षात एकाने बर्फाचा खेळ घडवला आणि दुसऱ्याने तोच खेळ पाण्यावर आणला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. वेकबोर्ड पुष्कळ नंतरचा. १९८५ मध्ये सॅन दिएगोच्या टोनी फिन यांनी लाटांवरच्या फळीचं लहान रूप बोटीमागे ओढायला काढलं, त्यातून तो घडत गेला.

पाणी इतकं मऊ असताना ते माणसाला उचलतं कसं? चपटा दगड तळ्यावर आडवा भिरकावला की तो टप्पे घेत जातो, तसंच हे. दगडाने किंवा फळीने पाणी खाली ढकलायचं असतं आणि पाण्याला बाजूला सरायला वेळ लागतो. वेग जितका जास्त, तितकी त्याला कमी सवड. वेकबोर्डची बोट ताशी साधारण ३५ किलोमीटरने धावते. त्या वेगाने समोरून येणाऱ्या पाण्याचा जोर मोजला तर दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ अर्धा किलो भरतो. ७० किलोचा माणूस तोलायला तळहाताएवढी जागा पुरावी इतकं हे बळ आहे! फळी पाण्याला तिरपी टेकते, त्यामुळे सगळा जोर उचलायच्या कामी येत नाही आणि प्रत्यक्षात जास्त जागा लागते. पण आधार कुठून येतो ते या आकड्यावरून कळावं. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. म्हणूनच या वेगाने पडणाऱ्याला पाणी मऊ लागत नाही.

आणि इथेही पहिला धडा शरीराच्या ओढीविरुद्धचाच आहे. बोट निघाली की नवशिका हात आखडून दोर ओढतो आणि घाईने उठू पाहतो. फळी उभी होते, पाणी अडवते आणि तो तोंडावर आपटतो. गुडघे छातीशी, हात सरळ, अंग मिटलेलं, आणि उठवण्याचं काम बोटीवर सोडलेलं, असं राहिलं की फळी आपोआप वर येते. बर्फावरचा प्रशिक्षक पुढे झुकायला लावतो, पाण्यावरचा धीर धरायला लावतो. दोन्हीकडे कडेवर कल देणं मात्र तेच, त्यामुळे एका खेळाचे गुडघे आणि घोटे दुसऱ्यात कामी येतात.

उडीची खरी गंमत बोटीच्या लाटेत आहे. ती मोठी व्हावी म्हणून या बोटी टाक्यांत शेकडो किलो पाणी भरून मुद्दाम जड करतात. बोट खोल बसते आणि मागची लाट उंच होते. खेळाडू आधी बाजूला दूर जातो, मग कड रुतवत, दोर ताणत लाटेकडे येतो आणि तिच्या चढावर पाय सरळ करून ती सारी ओढ हवेत सोडतो.

बोटीच्या मागे उमटणाऱ्या पाचरीच्या आकाराबद्दल लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. खोल पाण्यात जहाज असो की बदक, मागची पाचर साधारण ३९ अंशांचीच असते. फार वेगवान बोटींच्या मागे ती अरुंद दिसते, हे २०१३ मध्ये उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या अभ्यासातून पुढे आलं; सावकाश पोहणाऱ्याला केल्विन यांचा कोन लागू. ही पाचर आपल्याकडेही पाहता येते. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर चक्रवाक पक्षी येतात. उन्हाळा ते लडाख आणि मध्य आशियाच्या थंड पठारांवर काढतात आणि तिकडचं पाणी गोठू लागलं की आपल्याकडे उतरतात. ज्या जलाशयाचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारातून पुढे परभणीकडे जातो, त्याच पाण्यावर हे पाहुणे आपल्यामागे केल्विन यांची पाचर ओढत फिरतात. दुर्बीण नसली तरी ती दिसते, जरूर पाहावी.

काश्मीरमध्ये बर्फाचा आणि पाण्याचा, हे दोन्ही हंगाम एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथली गोंडोला अफरवट शिखराच्या कुशीत जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते. तिथल्याच आरिफ खान यांनी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकट्याने भाग घेतला आणि जायंट स्लालममध्ये ४५ वा क्रमांक मिळवला. खाली श्रीनगरला दाचीगामच्या डोंगरांवरचा बर्फ वितळून दल सरोवरात येतो आणि दलला लागून असलेल्या निगीनवर उन्हाळ्यात वॉटर-स्कीइंग चालतं. डोंगर बदलला तरी गोष्ट तीच: हिवाळ्यात जो बर्फ घसरण्यासाठी लागला, तोच उन्हाळ्यात पाणी होऊन तरंगण्यासाठी खाली आलेला असतो.

हंगामावर जगणं काय असतं, ते मराठवाड्याला सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं कारखान्याचा पट्टा पडला की परततात. स्की-प्रशिक्षकाने हा पेशा आवडीने निवडलेला असतो, ऊसतोड कामगाराला ती मुभा नसते. हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. पण गुडघा गेला की कमाई गेली आणि निसर्ग चुकला की हंगाम गेला, हे दोघांनाही ठाऊक असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला पुरेसा बर्फ नव्हता म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. पावसाची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला त्या काळातली तिथली घालमेल सहज कळेल.

कोरड्या मुलखातला माणूस पाण्यावर काय करू शकतो, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं गाव, दुष्काळाची सवय असलेलं. घर चालवायला त्यांनी विहिरी खोदण्याचं कामही केलं. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले आणि नौकानयनाची वल्ही तिथे पहिल्यांदा हाती आली. चार वर्षांत ते रिओ ऑलिंपिकमध्ये होते, एकेरीत तेरावे आले; २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक जिंकलं. ज्या हातांनी पाणी शोधण्यासाठी जमीन खोदली, त्याच हातांनी पुढे पाणी मागे सारलं.

म्हणून जालन्यातल्या मुलांसाठी हे खेळ दूरचे आहेत, असं मी मानत नाही. घाणेवाडीच्या तलावात मात्र मोटारबोट फिरवू नये. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे आणि गाळ काढून ते राखायला लोकांनी घाम गाळला आहे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, गोव्याला त्याच मंत्रालयाची जलक्रीडा संस्था आहे. गुलमर्गला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारी धरावा, आणि तिकीट काढण्याआधी त्या वर्षी तिकडे बर्फ पडला की नाही, हे विचारून घ्यावं.