मोटार आणि चालक : लेखांक सातवा — डिझेल हाकण्याची रीत, पेट्रोल हाकण्याची रीत

क्लच आणि गिअर यांचा परस्परसंबंध आपण गेल्या दोन लेखांकांत पाहिला. त्यात जे सांगितले ते पेट्रोलच्या मोटारीला जितके लागू तितकेच डिझेलच्या मोटारीलाही लागू आहे, अशा समजुतीने जो चालक एका गाडीतून उतरून दुसरीत बसेल, त्याची पहिल्याच चढावर पंचाईत झाल्यावाचून राहणार नाही. डिझेल की पेट्रोल हा वाद आपल्याकडे बहुधा ॲव्हरेज आणि दर यांच्या जमाखर्चापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. वर्षाला फिरणे किती, लिटरमागे वाचणार किती, विकताना हाती येणार किती, या बाबींची रुजुवात चोख होते. परंतु दोन्ही इंजिनांची प्रकृती मुळातच भिन्न असल्यामुळे त्यांना हाकण्याची रीतही भिन्न असली पाहिजे, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवीत नाही. आजचा लेखांक त्या रीतीविषयी आहे. जमाखर्च शेवटी पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते व प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. हे मिश्रण मर्यादेबाहेर दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेट घेते, म्हणून साधारणतः मूळ आकारमानाच्या दहाव्या-अकराव्या हिश्श्यापलीकडे ते दाबण्याची सोय नसते. डिझेलच्या इंजिनात नुसती हवाच आत घेतली जाते, ती सोळाव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत आणि जुन्या इंजिनांत तर बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, आणि त्या दाबाने ती इतकी तप्त होते की इंधनाचा फवारा आत सुटताच आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी शेकडा २६ इतका हिस्सा कामी लागल्याचे आढळून आले. वाफेच्या इंजिनांच्या आटोक्याबाहेरची ही मजल होती. मोटारगाडीत मात्र हे इंजिन स्थिरावण्यास बराच काळ जावा लागला. बाजारात विक्रीसाठी आलेल्या पहिल्या डिझेल मोटारींत गणली जाणारी मर्सिडीज-बेंझची २६० डी ही गाडी १९३६ सालची.

या एका भेदातून बाकीचे सारे भेद उद्भवतात. एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजिनाचे अवयव भक्कम हवेत. अवयव भक्कम म्हणजे जड, आणि जड अवयवांना फार जलद फिरविणे अवघड. म्हणून पेट्रोलचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत हसतखेळत जाते, तर डिझेलचे चार-साडेचार हजारांपाशीच थकते. उलट टर्बो जोडलेले डिझेल इंजिन दोन हजारांच्या आसपासच असा जोर देते, की तो तेवढ्याच आकाराच्या टर्बोविरहित पेट्रोल इंजिनाला कोणत्याही फेऱ्यांवर मिळत नाही.

हा जोर किती, हे एका परिचित गाडीवरून पाहावे. मारुतीच्या स्विफ्टचे २०११ साली आलेले रूप या तुलनेस सोयीचे आहे, कारण तोच सांगाडा दोन्ही इंजिनांसह मिळत असे. पेट्रोल इंजिनाची शक्ती ८७ अश्वशक्ती, तीही सहा हजार फेऱ्यांवर. डिझेलची ७५, चार हजार फेऱ्यांवर. माहितीपत्रकातील एवढेच आकडे वाचणारा गृहस्थ पेट्रोलची गाडी अधिक जोमदार असा निर्णय देऊन मोकळा होईल. पण त्याच पत्रकात खालच्या ओळीत टॉर्क म्हणजे पिळाचे बल दिलेले असते : पेट्रोलला चार हजार फेऱ्यांवर ११४ न्यूटन-मीटर, डिझेलला दोन हजार फेऱ्यांवर १९०. पिळाचे बल आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, हे ध्यानी घेऊन हिशेब मांडला तर दोन हजार फेऱ्यांवर डिझेल इंजिन सुमारे ५४ अश्वशक्ती देते, आणि पेट्रोल इंजिनाला त्याचे सर्वोच्च बल त्याच जागी बहाल केले तरी आकडा तेहतिसाच्या पुढे सरकत नाही. रोजच्या रहदारीत आपला काटा दोन हजारांच्या आगेमागेच असतो, सहा हजारांवर कोणी सहसा नेत नाही. त्यामुळे कागदावर दुबळी दिसणारी गाडी रस्त्यावर दमदार वाटते, यात नवल नाही.

मात्र या दमाला एक अट आहे. डिझेलचा हा जोर टर्बोच्या जिवावर असतो, आणि टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतावर फिरतो. फेरे कमी तर झोत क्षीण, झोत क्षीण तर हवेचा भरणा अपुरा. म्हणून दीड हजाराच्या खाली ॲक्सिलरेटर दाबणे हे जुन्या कचेरीत अर्ज दाखल करण्यासारखे आहे : मंजुरी भरघोस मिळते, पण अर्जदाराचा जीव मेटाकुटीस आल्यावर. पेट्रोलचे साधे, टर्बोविरहित इंजिन असा विलंब लावीत नाही. ते थोडेच देते, पण मागितल्याबरोबर देते, आणि फेरे वाढतील तसतसे एकसारखे वाढवून देते.

याचा प्रत्यय घ्यायचा तर पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा. गाडीत चार माणसे आणि सामान, पुढे उसाने किंवा सिमेंटने लादलेला ट्रक, आपण तिसऱ्या गिअरमध्ये त्याच्यामागे, आणि इतक्यात उजवीकडे जागा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीचा चालक पाय दाबतो. आवाज वाढतो, गाडी मात्र उठत नाही. त्याने वेळ न दवडता दुसरा गिअर टाकावा, काटा चार हजारांकडे जाऊ द्यावा आणि इंजिनाच्या ओरडण्याला भिऊ नये. पेट्रोलच्या इंजिनाचे ते ओरडणे तक्रारीचे नसून कामाचे असते. आपल्याकडे पुष्कळ सावध माणसे या आवाजाला भिऊन वरच्याच गिअरमध्ये गाडी रेटीत राहतात, इंजिन नॉक करू लागते, आणि मग गाडीत दम नाही असा ठपका निरपराध यंत्रावर ठेवला जातो.

डिझेलच्या गाडीत याच जागी दोन शक्यता संभवतात. काटा दोन हजारांच्या वर असेल तर तिसऱ्याच गिअरमध्ये नुसता पाय दाबणे पुरेसे होते. पाठ आसनाला टेकते आणि गाडी ट्रकच्या बाजूने निघून जाते. काटा बाराशे-तेराशेवर असेल तर मात्र पेट्रोलपेक्षाही वाईट अवस्था होते, कारण टर्बो जागा झालेला नसतो आणि डिझेलच्या गाडीचे गिअर लांब पल्ल्याचे असल्यामुळे इंजिन त्याच वेगाला पेट्रोलपेक्षा सावकाश फिरत असते. डिझेलला घाटात गिअर बदलावा लागत नाही, ही लोकसमजूत म्हणूनच अर्धसत्य आहे. शिवाय डिझेलचा जोर जसा एकाएकी येतो तसा चार हजारांच्या पुढे एकाएकी ओसरतो. दुपदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असता, ओव्हरटेक अर्धा झाला आहे आणि गाडीचा दम संपला आहे, असा प्रसंग नवख्यावर याच कारणाने ओढवतो. त्याने बाहेर पडण्यापूर्वीच योग्य गिअर टाकलेला असावा, काटा दोन हजारांच्या वर आहे याची खात्री केलेली असावी आणि पुढला गिअर आवाज चढण्याची वाट न पाहता टाकावा.

शहरातील मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रहदारीत डिझेलची एक सोय फार सुखावह आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच हलके सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी आपल्या चालीने सरकू लागते. पेट्रोलच्या गाडीत सपाटीवर हे साधते, पण किंचित चढ आला किंवा एसी सुरू असला की थोडी रेस द्यावी लागते, नाहीतर ती बंद पडते. उलटपक्षी डिझेलचा क्लच बहुधा जड, इंजिनाची धडधड अधिक, आणि पुढचे ओझेही अधिक; वर सांगितलेल्या स्विफ्टच्या दोन रूपांत सुमारे शंभर किलोंचा फरक होता आणि त्यातला बराचसा पुढच्या चाकांवर येत असे. वळणावर ही तफावत हाताला जाणवते : पेट्रोलची गाडी चटकन वळते, डिझेलची वळणापूर्वीच थोडी आवरून घ्यावी लागते.

डिझेलच्या खडखडाटाचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. फवारा आत गेल्यावर क्षणाचा सूक्ष्म अंश तो पेटण्याच्या तयारीत असतो, आणि तेवढ्यात साठलेले इंधन एकदम भडकते. तो दाबाचा हिसका म्हणजे हा खडखडाट. १९९७ साली अल्फा रोमिओच्या १५६ या मोटारीत कॉमन रेल पद्धत आली आणि मुख्य फवाऱ्यापूर्वी एक इवलासा फवारा सोडून आधी थोडी आग तयार ठेवण्याची तरतूद झाली, तेव्हापासून हा आवाज पुष्कळ सौम्य झाला आहे. तरीही थंड इंजिनाला आपली जात लपविता येत नाही. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरी पहाटे गाडी सुरू करताना डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या आकाराचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. मुक्कामी पोहोचल्यावर, विशेषतः घाट चढून किंवा महामार्गावरून भरधाव आल्यास, इंजिन अर्धा-एक मिनिट संथ चालू ठेवून मग बंद करावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेलाचा पुरवठा एकदम तुटत नाही. साध्या पेट्रोल गाडीच्या मालकाला या दोन्ही शिरस्त्यांची गरज नाही.

उतारावर दोन्ही गाड्यांना नियम एकच : ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याने इंधन वाचते, ही समजूत आजच्या इंजिनांपुरती सपशेल खोटी आहे. गिअरमध्ये असता पाय काढला की इंजिनाचा इंधनपुरवठा जवळजवळ पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी थोडे इंधन जळतच राहते. किल्ली फिरवून इंजिनच बंद करणारे महाभागही भेटतात. ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या श्वासातून आणि डिझेलच्या गाडीत बहुधा वेगळ्या पंपातून मिळते. इंजिन थांबले की दोन्हींत ती पुन्हा भरत नाही, आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो.

आता जमाखर्च. डिझेल स्वस्त होते ते सरकारच्या कृपेने. जानेवारी २०१३ पासून त्याचा दर दरमहा थोडाथोडा वाढविला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावरचे नियंत्रण उठले, तेव्हा दोन इंधनांतील दरी पुष्कळ बुजली. आज डिझेलची गाडी सुमारे लाखभर रुपये महाग पडते असे धरू. पेट्रोल १०० रुपये लिटर व प्रत्यक्षातले ॲव्हरेज १६, डिझेल ९० रुपये व ॲव्हरेज २०, असे मानले तर किलोमीटरला पावणेदोन रुपये वाचतात, आणि तो लाख भरून निघण्यास सुमारे ५७ हजार किलोमीटर चालावे लागते. वर्षाला तीस हजार फिरणाऱ्यास ही मुदत दोन वर्षांच्या आतली. दहा हजार फिरणाऱ्यास जवळजवळ सहा वर्षांची, आणि त्यात देखभालीचा जादा खर्च धरलेला नाही.

याहून महत्त्वाची बाब १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांची. या नियमांमुळे डिझेलच्या गाडीला काजळी अडविणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसवावी लागली, आणि काही गाड्यांना त्याखेरीज ड्रायव्हर मंडळी ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते द्रावणही भरावे लागते. गाळणीतली काजळी अधूनमधून तीव्र उष्णतेने जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते. घर ते कचेरी आणि कचेरी ते मंडई एवढाच जिचा प्रवास, त्या गाडीत ही गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि मालक वर्कशॉपच्या वाऱ्या करू लागतो. दिवा लागताच महामार्गावर जाऊन पंधरा-वीस मिनिटे गाडी संथ वेगाने नव्हे, तर खालच्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या वर काटा ठेवून चालवावी. दिव्याकडे काणाडोळा केल्यास खर्च बराच वाढतो. लहान गाड्यांत ही सारी सामग्री परवडणे कठीण झाले, आणि मारुतीने त्याच वेळी डिझेलच्या गाड्या बनविणे थांबविले.

तेव्हा निवाडा असा : ज्याचे फिरणे बहुतांशी महामार्गाचे, घाटाचे आणि भरल्या गाडीचे आहे, त्याने डिझेल घ्यावे आणि काटा दोन हजारांच्या वर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ज्याचे फिरणे शहरातले, तुटक आणि थोडे आहे, त्याने पेट्रोल घ्यावे आणि चढावर खालचा गिअर टाकण्याचा संकोच सोडावा. हा संकोच सोडला नाही, तर दोहोंपैकी कोणतीही गाडी घेतली तरी चालक असमाधानीच राहील. पुढील आठवड्यात ब्रेक आणि टायर यांचा विचार करू. तोवर वाचकांनी आपल्या टायरमधील हवा एकदा तपासून घ्यावी, ही विनंती.