एल्मचें धनुष्य

लांकूड वांकविलें कीं धनुष्य झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुलें खेळांत वेताची काठी वांकवून तिला सुतळी बांधतात. शिकारी लोकही तेंच काम मोठ्या प्रमाणावर करीत असावेत, असें वाटतें. परंतु मुलांचा बाण दहा पावलांवर गळून पडतो, आणि शिकाऱ्याच्या बाणाला रानबैलाच्या बरगड्यांच्या आंत शिरावयाचें असतें. हें सामर्थ्य साध्या लांकडांत येतें कोठून, याचें उत्तर डेन्मार्कमधील एका दलदलींत मिळालें.

झीलंड बेटावर होल्मेगोर नांवाची एक पाणथळ जागा आहे. तेथें १९४४ सालीं उत्खनन झालें, तेव्हां एल्म नांवाच्या वृक्षाच्या लांकडाचीं धनुष्यें सांपडलीं. त्यांतील एक जवळजवळ संपूर्ण असून सुमारें पांच फूट लांब आहे. एरव्हीं लांकूड जमिनींत फार काळ टिकत नाहीं. परंतु दलदलींत हवेचा शिरकाव नसल्यामुळें कुजण्याची क्रिया अत्यंत मंदावते. म्हणूनच सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींची ही कारागिरी आज पाहावयास मिळते. एल्म हा मुख्यतः थंड प्रदेशांतला वृक्ष. महाराष्ट्रांतील वावळा हा त्याच कुळांतला.

धनुष्य ओढलें म्हणजे त्यांत दोन परस्परविरुद्ध क्रिया एकाच वेळीं घडतात. सावजाकडे असलेली बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते. धनुर्धराकडे असलेलें पोट दाबलें जातें. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळें तें सहसा चिरफळत नाहीं आणि ताण उत्तम सोसतें. दाब सोसण्याच्या कामीं मात्र यू वृक्षाचें लांकूड त्याहून सरस. म्हणून यूचें धनुष्य अरुंद आणि जाड ठेवलें तरी चालतें. एल्मचें मात्र रुंद आणि चपटें करावें लागतें, म्हणजे दाब अधिक लांकडावर वांटला जातो. होल्मेगोरच्या कारागिरानें नेमकें हेंच केलें आहे. मूठ अरुंद व जाड, दोन्ही बाहू रुंद व चपटे, आणि टोंकें निमुळतीं. टोंकें हलकीं ठेवण्यासही कारण आहे. दोरी सोडतांच सर्वांत अधिक वेगानें टोंकेंच हलतात; तीं जड असलीं तर बाणाच्या वांट्याची शक्ति त्यांनाच हलविण्यांत खर्ची पडते.

धनुष्याकरितां झाड निवडावयाचें तें बारीक खोडाचें, सरळ आणि शक्य तितकें बिनगांठीचें. दाट रानांत सावलींत वाढलेल्या झाडाला खालच्या अंगास फांद्या थोड्या येतात, म्हणून गांठीही थोड्या असतात. पाचर ठोकून एल्म सरळ फोडूं म्हटलें तर तें सहजीं दाद देत नाहीं. जो गुण धनुष्याला तारतो, तोच कारागिराला छळतो. अशा वेळीं एका बाजूनें खोड तासून काढणें सोयीचें ठरतें. साल काढल्यावर टोंकांना चरबी किंवा सरस फांसून लांकूड सावलींत कित्येक महिने वाळूं द्यावें लागतें. टोंकें उघडीं राहिल्यास तीं आधीं वाळून तडकतात. ओल्या लांकडाचें धनुष्य वांकतें खरें, परंतु वांकलेलेंच राहतें.

यापुढें एक नियम कटाक्षानें पाळावयाचा असतो: सालीखालचा जो थर पाठ व्हावयाचा, त्याला हत्यार लावावयाचें नाहीं. झाडाचें वार्षिक वलय मुठीपासून टोंकापर्यंत अखंड राहिलें पाहिजे. तें जेथें कापलें जाईल, तेथून तंतू उचलून धनुष्य मोडण्याचा संभव. जें काय तासावयाचें तें पोटाच्या बाजूनें.

मग येतें सर्वांत नाजूक काम, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वांकविणें. धनुष्य एका खुंट्यावर आडवें टेकवून दोरी थोडी थोडी ओढतात आणि दुरून त्याची कमान न्याहाळतात. जो भाग ताठ दिसेल तेथें पोटाकडून थोडें खरवडावयाचें, पुन्हां कांहीं वेळां ओढावयाचें, पुन्हां पाहावयाचें. जो भाग आधींच अधिक वांकतो त्याला हातही लावावयाचा नाहीं. त्याच्या आजूबाजूचा भाग कमी करून त्याचा भार हलका करावयाचा. येथें घाई करणाऱ्याला क्षमा नाहीं. लांकडाचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणांत बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणांत. रुंदी शेंकडा दहा घटली तर ताठपणा शेंकडा दहाच घटतो. जाडी शेंकडा दहा घटली तर तो शेंकडा सत्तावीस घटतो. एका जागीं चार ढलप्या अधिक निघाल्या कीं सारा वांक तेथेंच गोळा होतो आणि महिन्यांचें श्रम एका क्षणांत मोडून पडतात. काढलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं.

गारगोटीच्या धारेनें हें काम करणाऱ्याला घनाचें गणित ठाऊक नव्हतें. परंतु चुकीचें मोल त्याला पुरतें ठाऊक असलें पाहिजे. झीलंडमध्येंच विग या गांवीं दलदलींत एका प्रचंड रानबैलाचा सांगाडा सांपडला. त्याच्या बरगड्यांवर बाणांच्या जखमा आहेत. त्यांतील एक भरून आलेली, इतर न भरलेल्या. म्हणजे एकदां तो बाण लागूनही वांचला, आणि पुढें पुन्हां बाण लागले तेव्हां पाण्यांत शिरून तेथेंच मेला. सांगाडा जवळजवळ अखंड राहिला, त्या अर्थीं शिकाऱ्यांच्या हातीं मांस लागलें नाहीं. धनुष्यांत जोर थोडा कमी पडला किंवा बाण बोटभर चुकला, तर एवढा मोठा अन्नसांठा डोळ्यांदेखत बुडत असे.

पुढें युरोपांत यूच्या धनुष्याची कीर्ति झाली, तरी एल्म मागें पडला नाहीं. ११८८ सालीं वेल्समध्यें प्रवास केलेला धर्मोपदेशक जेराल्ड यानें लिहून ठेवलें आहे कीं, तेथील लोकांचीं धनुष्यें रानटी एल्मचीं, ओबडधोबड व गुळगुळीत न केलेलीं असत. तरी त्यांच्या बाणांनीं तळहाताच्या रुंदीइतक्या जाडीचें ओकचें दार भेदलें होतें.

विसाव्या शतकांत मात्र सालींतल्या किड्यांबरोबर पसरणाऱ्या एका बुरशीनें युरोपांतील कोट्यवधि एल्म मारले. इंग्लंडमधील जुने विशाल वृक्ष बहुतेक गेले. तरी त्यांच्या मुळांतून कुंपणाकांठीं नवे फुटवे येतच आहेत. खोड जाड झाल्याखेरीज किडे सहसा त्याला लागत नाहींत, आणि तोंवर तें सरळ वाढत राहतें. त्या झाडाला आतां म्हातारपण क्वचितच लाभतें. पण धनुष्याला लागतें तें बारीक, कोंवळ्या वयाचेंच खोड. तेवढें आजही मिळतें.