होम थिएटर ध्वनियोजना : सागरी चित्रपट

घरातील खोलीत चित्रपटगृहासारखा चोहोबाजूंनी येणारा ध्वनी निर्माण करणाऱ्या उपकरणसंचास सामान्यतः ‘होम थिएटर’ म्हणतात. ध्वनिपथ वेगळे करणारा विवर्धक, समोरचे तीन व बाजूंचे दोन ध्वनिक्षेपक आणि सबवूफर नावाचा नीच कंप्रतेचा ध्वनिक्षेपक हे त्याचे मुख्य घटक होत. या मांडणीस ५·१ म्हणतात. त्यातील शेवटचा १ हा आकडा सु. १२० हर्ट्‌झपर्यंतच्या नीच कंप्रतांसाठी राखलेला स्वतंत्र ध्वनिपथ दर्शवितो. समुद्र, जहाज व पाणबुडी यांवरील चित्रपटांत अशा संचाची जेवढी कसोटी लागते, तेवढी इतर चित्रपटांत क्वचितच लागते.

सागरी चित्रपटात वारा व लाटा यांचा अखंड गोंगाट जवळजवळ सर्व कंप्रता व्यापतो. त्यात लाकडाची करकर, दोरांचा ताण आणि मधूनच तोफेचा धडाका मिसळतो. मास्टर अँड कमांडर (२००३) या चित्रपटासाठी खऱ्या तोफांच्या माऱ्याचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. शिडाच्या दोरांतून घुमणारा वारा मात्र समुद्रावर नव्हे, तर मोहावी वाळवंटात लाकडी चौकटीवर दोर ताणून मुद्रित केला होता. या चित्रपटास ध्वनिसंपादनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पाणबुडीपटांची रीत याच्या उलट असते. द हंट फॉर रेड ऑक्टोबर (१९९०) किंवा हिंदी व तेलुगू भाषांतील द गाझी अटॅक (२०१७) यांसारख्या चित्रपटांत शांतताच बोलकी असते. सोनारचा बारीक टणत्कार व दबलेली कुजबुज यांनंतर एकाएकी स्फोट होतो. मंद व प्रचंड आवाजांतील हे अंतर पेलणे, हे उपकरणाचे खरे काम होय.

संवाद मुख्यत्वे मधल्या ध्वनिपथात असतात. व्यंजनांची स्पष्टता बव्हंशी २,००० ते ४,००० हर्ट्‌झ या पट्ट्यावर अवलंबून असते आणि लाटांचा गोंगाट नेमका तोच पट्टा झाकतो. दूरदर्शन संचाच्या लहान ध्वनिक्षेपकांत सर्व पथ एकत्र कोंबले गेले की, कप्तानाचा हुकूम वादळात बुडतो. प्रेक्षक आवाज वाढवितो आणि पुढच्याच क्षणी तोफेने घर हादरते. यात दोष बहुधा कानांचा किंवा नटाच्या उच्चारांचा नसतो. म्हणून मर्यादित रक्कम खर्चावयाची झाल्यास प्रथम चांगला मधला ध्वनिक्षेपक घ्यावा. तो डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांच्याच मालिकेतील असावा. अन्यथा पडद्यावरून सरकणाऱ्या जहाजाचा आवाज मध्येच पोत बदलतो.

नीच कंप्रतांच्या बाबतीत उपकरणापेक्षा खोली अधिक निर्णायक ठरते. २० हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. १७ मी. असते. ५ मी. लांबीच्या खोलीत सु. ३५ हर्ट्‌झला अनुस्पंदन होते. त्यामुळे एका आसनावर तोफ गडगडते, तर दुसऱ्यावर ती पोकळ वाटते. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील साजगाव घेता येईल. सह्याद्रीच्या पायथ्याजवळील या गावी समुद्र पोहोचतो तो बोंबल्या विठोबाच्या कार्तिकी यात्रेत मांडल्या जाणाऱ्या सुक्या मासळीच्या रूपाने. अशा गावातील सिमेंटचा स्लॅब, विटांच्या भिंती व गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत आवाज पुनःपुन्हा परावर्तित होतो. सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांची कपाटे यांनी उच्च कंप्रतांचे निनादन आटोक्यात येते, पण नीच कंप्रतांवर त्यांचा परिणाम नगण्य असतो. तेथे सबवूफरची जागाच बदलावी लागते. तो क्षणभर बसण्याच्या जागी ठेवून वाजवावा व भिंतीच्या कडेने खाली वाकून ऐकत फिरावे. जेथे आवाज एकसारखा व भरीव लागेल, तेथे तो कायमचा ठेवावा. कौलारू घरात नीच कंप्रता छतातून बाहेर निसटतात. तेथे गडगडाट सौम्य पण नेटका लागतो आणि शेजाऱ्यासही ऐकू जातो. छताकडे आवाज फेकून तो परावर्तित करणारे ध्वनिक्षेपक सपाट स्लॅबखाली उपयोगी पडतात, उतरत्या कौलांखाली नाहीत.

खरेदीत सर्वाधिक फसवणूक वॉटच्या आकड्यांनी होते. ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॉट हे क्षणिक व कल्पित शिखर असते; ‘आरएमएस’ म्हणून दिलेली सातत्याची शक्तीच विचारात घ्यावी. शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. याचाच अर्थ, ८५ ऐवजी ८८ डेसिबेल संवेदनक्षमतेचा ध्वनिक्षेपक निवडल्यास निम्म्या शक्तीचा विवर्धक पुरतो. सबवूफरची छिद्रयुक्त पेटी तिच्या मेळकंप्रतेजवळ अधिक जोर देते, मात्र त्याखाली तिचा आवाज बंद पेटीपेक्षा झपाट्याने उतरतो. लहान खोलीत बंद पेटी बहुधा पुरेशी ठरते.

कोकणातील दमट हवेत कागदी शंकूस बुरशी लागते व त्याभोवतीची फोमची कडा कालांतराने भुगा होऊन गळते. रबरी कडा अधिक टिकाऊ असते. उपकरणे भिंतीस चिकटवून ठेवू नयेत. विद्युत् दाब जेथे वरखाली होतो, तेथे स्थिरकारी व चांगले भूयोजन हा संचाचाच भाग मानावा आणि विजा चमकत असताना जोडणी काढून ठेवावी. आषाढात पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की, पडद्यावरील वादळास कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. पाणबुडीपट तरी कोरड्या ऋतूसाठी राखावेत, हे बरे.

बहुतेक विवर्धकांत मोठे आवाज दाबून मंद आवाज उचलणारी रात्रीची सोय असते. ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार (२०००) निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या काळात ध्वनिपातळीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. ही सोय वापरल्यास तोफांचा भव्यपणा बराच कमी होतो, परंतु डेकवरील कुजबुज शब्दशः ऐकू येते.